तगरचं कापड, तेरची वीट



गिरणीची वीज तोडली आणि आठ दिवस साचे बंद राहिले, तेव्हा मी आईला घेऊन तेरला जाऊन आलो. गिरणी कोणती ते इथं लिहीत नाही, लिहिलं तर पुढच्या पाळीला गेटवर माझं नाव पुकारलं जाणार नाही. लातूर-नांदेडच्या पट्ट्यातली एक सूतगिरणी, एवढं पुरे. रिंगखात्यात माझं काम. बॉबिन भरत राहते, धागा तुटतो, तुटला की सांधायचा. रात्रपाळीत एक माणूस किती धागे सांधतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मी नववीतून शाळा सोडली. त्यामुळं इतिहास मला कुणी मास्तरानं शिकवला नाही, आणि एका अर्थी बरंच झालं. जो शिकलो तो वाचनालयातली पुस्तकं घरी आणून, अर्धवट कळेल तसा. तर अशाच एका पुस्तकात तेरचं जुनं नाव भेटलं. तगर. आणि तगरच्या पुढं शब्द होता, कापड. मी उठून बसलो. आपल्या मराठवाड्यातलं गाव, आपल्या मांजरेला मिळणाऱ्या नदीच्या काठचं, आणि दोन हजार वर्षांमागं सातासमुद्रापार त्याचं नाव कशासाठी गेलं तर कापडासाठी! देवासाठी नाही, राजासाठी नाही.

आता तेर धाराशिव जिल्ह्यात आहे. पण १९८२ पर्यंत लातूर म्हणजे उस्मानाबादचाच तुकडा होता, तेव्हा हद्दीचं फारसं मनावर घेऊ नका. नदी तर हद्द मानतच नाही. तेरणा तेरच्या अंगानं वाहत खाली येते, औराद शहाजानीजवळ मांजरेत मिसळते, आणि मांजरा पुढं नांदेडच्या टोकाला गोदावरीत जाते. याच तेरणेच्या खोऱ्यात किल्लारी. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे जमीन हलली आणि दगडामातीची घरं माणसांवर बसली. आम्ही पडझड म्हटलं की तीच आठवतो. तेरची पडझड निराळी, ती एका रात्रीत झालेली नाही.

लातूरहून मुरूड, मुरूडहून ढोकी, ढोकीवरून काळी-पिवळीत दाटीवाटीनं तेर. आई खिडकीशी. तिला इतिहासाचं काही नव्हतं. ती आली गोरोबाकाकासाठी. बाबासाहेबांनी १९५६ ला दीक्षा दिली तेव्हा माझ्या आज्यानं देव्हारा उचलून नदीत सोडला, आमच्या घरात बुद्धवंदना होते, सगळं खरं. पण आईच्या मनात एक कुंभार बसलाय तो बसलाय. मी पहिल्यांदा तिच्याशी भांडायचो. आता भांडत नाही. ती म्हणते, "चिखल तुडवून पोट भरायचा की रं त्यो. त्यो काय बामन व्हता व्हय?" ह्याला माझ्याजवळ उत्तर नाही.

गाव शांत. तेरणेला पाणी जेमतेम. गावाभोवती आणि नदीकाठानं पांढऱ्या मातीची टेकाडं, त्यातून पाऊस पडला की खापरं, मणी, विटांचे तुकडे वर येतात. आपल्याकडं पांढरीची माती शेतात टाकायला, भिंती लिंपायला नेण्याची रीतच आहे. तेव्हा किती इतिहास ज्वारीच्या रानात विरघळून गेला असेल ते त्या रानालाच ठाऊक.

पहिल्यांदा कापडाचं सांगतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची एक वही लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, कुठं खडक आहेत, असलं सगळं त्यात आहे. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही. कविता नाही, पुराण नाही, व्यवहाराची वही आहे, म्हणून मला ती जास्त खरी वाटते. त्यात तो सांगतो, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून अकीक येतात. तगरहून जाडंभरडं कापड ढिगानं येतं, तऱ्हेतऱ्हेची मलमल येते, मोलोखिना नावाचं कापड येतं. आणि हा सगळा माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जातो.

तीस दिवस, मित्रांनो. गाडीवाले कोण होते? बैलांचं वादीचं, चामड्याचं काम कोण करत होतं? सूत कुणाच्या आयाबहिणी कातत होत्या? त्या वहीत ह्यातलं काही नाही, तिला मालाशी मतलब. पण माल आहे म्हणजे हात आहेत, एवढं तर मान्य करावं लागेल. नांदेडचा गावराणी कापूस परवापरवापर्यंत नावाजलेला होता, निजामाच्या काळात नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली ती ह्याच कापसाच्या जोरावर, आणि ती आज बंद आहे. म्हणजे हा मुलूख दोन हजार वर्षं कापूस पिकवतो, सूत काढतो, आणि कापड घालतो दुसराच.

तगर म्हणजे नेमकं कोणतं गाव ह्यावर साहेबलोकांत बरेच दिवस वाद होता. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ साली फ्लीट नावाच्या विद्वानानं तगर म्हणजेच तेर असं दाखवून दिलं. लगोलग पुरातत्त्व खात्याचा हेन्री कझेन्स तेरला येऊन गेला आणि त्यानं इथल्या पडक्या इमारतींची नोंद छापली. १९५८ साली चापेकरांनी उत्खनन केलं. पुढंही खोदकामं झाली, त्यांत विटांचा स्तूप निघाला, सातवाहनांच्या काळातला. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं आज सरकारी संग्रहालय आहे. एका गावकऱ्यानं, कुणी न सांगता, मणी आणि खापरं जपून ठेवली, हे काम मला मोठं वाटतं. तेरची हस्तिदंती बाहुली तर जगात नावाजलेली. अशाच घडणीची एक बाहुली इटलीत पॉम्पेईला सापडली, आणि पॉम्पेई ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे त्या आधीच आपल्या बाजूची बाहुली रोमच्या मुलखात जाऊन पोचली होती.

आई काचेतल्या खापराच्या खेळण्यांसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "पोरं तवाबी खेळतच व्हती म्हनायची."

आता मला जे सांगायचंय ते तेरमध्ये नाही, नाशिकच्या लेण्यात आहे, पण तेरला उभं राहूनच ते मला नीट कळलं. नाशिकच्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्यानं भिक्खूसंघासाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कुठं ठेवले? सावकाराकडं नाही, देवळात नाही. गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणीकडं ठेवले! दोन हजार एका श्रेणीकडं, महिन्याला शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडं, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज किती होतं, करा हिशेब. दोनशे चाळीस. लेखात लिहिलंय, वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. मी हा हिशेब रात्रपाळीत बॉबिनच्या पुठ्ठ्यावर मांडून बघितला तेव्हा अंगावर काटा आला. दगडावर कोरलेला हिशेब पैला पै जुळतो.

म्हणजे त्या काळी विणकरांची संघटना इतकी पक्की होती, की राजाच्या जावयानं 'कायमची ठेव' त्यांच्या भरवशावर सोडली. राजे बदलतील पण विणकर व्याज देतील, हा तो भरवसा. आणि आज? आमच्या पगारातून फंड कापला जातो, पण अकरा महिने तो भरलाच गेलेला नाही. दोन हजार वर्षांमागं राजघराणं विणकराकडं पैसा ठेवत होतं. आज कामगाराचा पैसा मालकाकडं राहतो आणि कामगार चपराशाला विचारत फिरतो. कुणी मला सांगावं की प्रगती कुठून कुठं झाली!

आणि विणकरच नव्हे. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे, धान्यवाल्यांची आहे. आंध्रात अमरावतीच्या स्तुपाला विधिक नावाच्या चर्मकारानं दान दिलं, ते त्याच्या नावानिशी आणि धंद्यानिशी कोरलेलं आहे. 'चर्मकार' हा शब्द तिथं शिवी नाही, ओळख आहे. बुद्धाच्या दाराशी धंदा विचारून कुणाला पायरीखाली उभं केलं नाही, ह्याचा पुरावा पोथीत शोधायला नको, दगडावरच आहे.

ह्याच्या उलटी एक नोंद देतो. सातव्या शतकाच्या सुरवातीला चालुक्य दुसऱ्या पुलकेशीच्या एका ताम्रपटात तगरचं नाव येतं. तिथं तगर येतं ते कापडासाठी नाही. तगरला राहणाऱ्या एका ब्राह्मणाला गाव दान दिलं, म्हणून. पहिल्या शतकात गावाची ओळख माल, सातव्यात गावाची ओळख दान घेणारा. पुढं शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करताना स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत राहिले. नाव मोठं झालं, गाव खंगत गेलं. एका दोन नोंदींवरून सगळा काळ मोजू नये हे मला कळतं. पण वारं कुठं फिरलं ते कळायला पाचोळा पुरतो.

आता देऊळ.

त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे. पुढून मंडप, सपाट छताचा, तो नंतर जोडलेला. मागं जाऊन बघितलं की गाभाऱ्याची पाठ गोल, हत्तीच्या पाठीसारखी, आणि वर नळीसारखं कमानदार छप्पर. ज्यानं कार्ल्याचं नाही तर भाज्याचं लेणं एकदा आतून बघितलंय त्याला कुणी सांगायची गरज नाही. तेच चैत्यगृह, डोंगर न पोखरता विटांत बांधलेलं. कझेन्सनं तेव्हाच लिहून ठेवलं की ही इमारत मूळची बौद्ध चैत्य आहे आणि नंतर वैष्णवांकडं गेली. आंध्रात चेझर्ला इथंही असंच एक कपोतेश्वराचं देऊळ आहे, तिथल्या इमारतीबद्दलही विद्वान हेच म्हणतात.

इथं मला आपल्या पोरांशी थोडं भांडायचंय. माझा एक दोस्त आहे, चळवळीतला, चांगला लढणारा. त्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग चल, उद्याच निळा झेंडा लावू." मी म्हटलं, दोस्ता, थांब. काही अभ्यासक असंही म्हणतात की गोल पाठीची देवळं त्या काळी ब्राह्मणी पंथही बांधत, तेव्हा ही इमारत पहिल्यापासून विष्णूचीच असू शकते. हे म्हणणं मला पटत नाही. गावात स्तूप निघालाय, तो काही हवेत नव्हता. स्तूप होता म्हणजे भिक्खू होते, उपासक होते, वर्षावास होता. ह्युएन त्सांग इसवी सन ६४० च्या आसपास महाराष्ट्रात आला तेव्हा त्यानं शंभराच्या आसपास विहार आणि पाच हजार भिक्खू असल्याचं लिहिलं. ते विहार गेले कुठं? म्हणून माझा कौल कझेन्सकडं. पण कौल वेगळा आणि पुरावा वेगळा. त्यांनी पुरावा न देता आपला इतिहास गिळला, म्हणून आपण पुरावा न देता ओकायचा काय? आणि जैनांनाही विसरू नका. तेरला त्यांचंही जुनं ठाणं आहे, आणि शेजारच्या धाराशिव लेण्यांवर बौद्ध की जैन हा वाद आजही चालतो. सगळं आपलंच होतं म्हणणं म्हणजे दुसऱ्या एका हरलेल्याच्या पोटावर पाय.

दोस्त रागावला. आठ दिवस बोलला नाही. त्याचा राग मला कळतो. ज्याला गावात चांभारकट्ट्याच्या पुढं जाता आलं नाही, त्याला एकदम कुणी सांगितलं की गावातली सगळ्यात जुनी इमारत तुझ्या बापजाद्यांच्या धम्माची, तर तो हळू आवाजात कसा बोलेल?

आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे, काळ्या दगडाची. ही इमारतीच्या मागाहूनची. एक पाय जमिनीवर, एक उचललेला. आईनं विचारलं, "ह्यो पाय वर का करून उभा ऱ्हायलाय?" मी तिला सांगितलं, हा वामन. तीन पावलं जमीन मागितली, दोन पावलांत सगळं घेतलं, तिसरं पाऊल बळीराजाच्या डोक्यावर. आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "बळीच्या? आपल्या बळीच्या?"

आमच्याकडं दिवाळीत बाया ओवाळताना बळीचं राज्य येऊ दे म्हणतात, वामनाचं म्हणत नाहीत. आईनंही जन्मभर तेच म्हटलं. आणि ती जन्मात पहिल्यांदा त्या पायासमोर उभी होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त वामनाची गोष्ट उलटी करून दाखवली, की हा अवतार नव्हे, कपटानं राज्य लुटणारा आहे आणि बळी हा कष्टकऱ्यांचा राजा. मी ते वाचलं होतं, भाषणातही ऐकलं होतं. पण चैत्याच्या पोटात वामन उभा आहे, हे डोळ्यांनी बघणं निराळं. कुणी मुद्दाम हा देव इथं निवडला असं मी म्हणत नाही, त्रिविक्रमाच्या मूर्त्या त्या काळी पुष्कळ ठिकाणी झाल्या. तरी पण दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकून ती सगळी आपली करणारा देवच इथं येऊन बसावा, हा योगायोग फारच बोलका आहे.

आई पाया पडली नाही. मी सांगितलं नव्हतं. तिची तीच मागं वळली.

मग गोरोबाकाकाकडं. समाधी नदीच्या काठाला. तिथं मात्र तिनं डोकं टेकवलं आणि मी बाहेर चपला राखत बसलो. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबा थापटण्यानं एकेकाचं डोकं ठोकून बघतो, कच्चं मडकं कुठलं आणि पक्कं कुठलं, आणि नामदेव कच्चा निघतो. कुंभारानं डोकी तपासायची, ही कल्पना मला भारी आवडते. परीक्षक कोण तर ज्याचा हात चिखलात. पण त्याच संतांतला चोखोबा? १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम वेठीनं करताना भिंत अंगावर पडून मेला. त्याची समाधी पंढरपुरात देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीपाशी. कुंभार गावाच्या आत राहिला, महार भिंतीखाली. भक्तीनं डोकी तपासली, भिंत नाही हलवली. आईला मी हे काही बोललो नाही. सगळंच सगळ्यांना त्याच दिवशी सांगायचं नसतं.

चपला राखत बसलो असताना मला दौलताबाद आठवलं. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाची धूळ होती म्हणून टाक्यातल्या पाण्यानं हातपाय धुतले. झालं! धेडांनी टाकं बाटवलं म्हणून मुसलमानांचा जमाव शिव्या देत धावून आला. शेवटी आत सोडलं ते अट घालून, किल्ल्यात कुठंही पाण्याला हात लावायचा नाही, आणि पहारेकरी सोबत. जगातली एवढी पुस्तकं वाचलेला माणूस आपल्याच पूर्वजांची लेणी बघायला निघाला, आणि त्याच्या हातांवर पहारा. मी तेरला फिरलो तेव्हा मला कुणी हटकलं नाही. संग्रहालयाच्या माणसानं प्यायला पाणी दिलं. माझ्या हातावर पहारा नव्हता ह्याची किंमत कुणी मोजली, ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि जवळच कसबे तडवळे आहे, आमच्या लातूर-बार्शी रेल्वेच्या वाटेवर. १९४१ च्या फेब्रुवारीत, २२ आणि २३ तारखेला, बाबासाहेब तिथं महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. वतन म्हणजे काय, तर गावाची चाकरी करायची आणि भाकरी मागून खायची, तेही पिढीजात. महार आणि मांग एका मांडवात बसले, ही त्या परिषदेची मोठी गोष्ट. तेर आणि तडवळे, दोन्ही गावं एका दिवसात होतात. सहली काढता ना तुम्ही? मग वेरूळच्या आधी ही काढा. पोरांना आधी चैत्य दाखवा, मग तडवळ्याला न्या. आणि वहीपेन्सिल द्या, नुसत्या घोषणा नको. विटेची लांबी मोजून आणा म्हणावं.

विटेचं राहिलंच की. त्रिविक्रमाच्या मागच्या बाजूला आई थांबली. तिनं पंधरा वर्षं वीटभट्टीवर काढली आहेत, मला पाठीशी बांधून सुद्धा. तेरच्या जुन्या विटांत भाताचं तूस कालवलेलं असे, त्यामुळं त्या हलक्या, पाण्यावर तरंगतात असंही सांगतात. तिथं मातीत एक तुकडा पडला होता. आईनं तो उचलला, नखानं कोर खरवडली, जोखून बघितला, वास घेतला. पुरातत्त्वाचा साहेबसुद्धा इतक्या बारकाईनं बघत नसेल.

"तूस हाय ह्यात," ती म्हणाली. "आन् आच बेतानं लावलीया. घाई केल्याली न्हाई. बाईमानसाच्या हातची असंल."

"कशावरनं गं?"

"ह्ये बघ." तुकड्याच्या एका अंगाला बोटांचे तीन ठसे होते, बारीक. ओली असताना उचललेल्या विटेवर उठतात तसे. आईनं आपली तीन बोटं त्यांत ठेवली. बोटं बसली, थोडी मोठीच पडली. "पोरगी असंल," ती म्हणाली. "धा-बारा वर्साची."

तिनं तो तुकडा पदरात बांधायला घेतला. मी म्हटलं, माय, नको, तो इथंच राहू दे, असं एकेक नेलं तर उद्या कुणाला काय दाखवायचं? तिनं माझ्याकडं बघितलं, तुकड्याकडं बघितलं, आणि जिथून उचलला होता तिथंच ठेवला. ठशांची बाजू खाली करून, वरून थोडी माती लोटली. मग आम्ही ढोकीची गाडी धरायला निघालो. मला दुसऱ्या दिवशी गेटवर जाऊन वीज आली का ते विचारायचं होतं.